एकेचाळीस मतं आणि त्यातलं एक वाक्य

प्रिय ताई,

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सेमिस्टरला संवादकौशल्याचा कोर्स सक्तीचा आहे. दोन तुकड्या आहेत, एक सर घेतात, एक मॅडम. कुठली घ्यायची ते आपणच निवडायचं आणि नोंदणी शुक्रवारी बंद होते. सीनिअर्सकडून जेवढी मतं मिळाली तेवढी मी एका तक्त्यात भरली.

सरांबद्दल २९ मतं, सरासरी ५ पैकी ४.६. ‘खूप हसवतात’, ‘काही टेन्शन नाही’, ‘हजेरीचं फारसं बघत नाहीत’, ‘पहिल्याच तासाला सांगितलं की बोलण्यात ९३ टक्के देहबोलीच असते, डोळेच उघडले’.

मॅडम पाच वर्षं शिकवतायत, दर सेमिस्टरला तीस मुलं. त्यांच्याबद्दल ४१ मतं. १७ जणांनी ५ दिलेत, १६ जणांनी १, उरलेले ८ मधले. सरासरी जेमतेम ३. एक जण म्हणतो, ‘पहिल्यांदा कोणीतरी मला खरंच बोलायला शिकवलं.’ दुसरी म्हणते, ‘अतिशय उर्मट, विषयाचीच भीती बसली.’ मग हे: ‘तास सुरू झाला की दार लावून घेतात.’ ‘तीन मिनिटांचं भाषण साडेतीनवर गेलं की थांबवतात, वाक्य अर्धं राहिलं तरी.’ ‘शिकवत काहीच नाहीत, नुसतं आपल्यालाच बोलायला लावतात.’ ‘तो ९३ टक्क्यांचा आकडा कुठून आला ते शोधून आणायला लावलं, दोन दिवस गेले.’ ‘पहिल्या भाषणाला २५ पैकी ११, शेवटच्याला १९’ (याने ३ दिलेत). आणि एकाने लिहिलंय, ‘माझ्या बोलण्याची नक्कल करून दाखवली, सगळा वर्ग हसला.’

मैत्रिणींमध्ये मी अखंड बडबडते. पण वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की घसा कोरडा, पाय लटपटतात, आणि ते सगळ्यांना दिसतंय असं वाटत राहतं. माझी जवळची मैत्रीण सरांची तुकडी घेतेय, मलाही तिकडेच ओढतेय. इतकी उलटसुलट मतं असताना विश्वास ठेवायचा कुणावर?

— तक्तेवाली

प्रिय तक्तेवाली,

तक्ता झकास केलास. फक्त शेवटची ओळ, ती सरासरीची, खोडून टाक. सतरा जण पाच देतात, सोळा जण एक देतात, आणि तू बेरीज-भागाकार करून म्हणतेस ‘तीन’. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात असलेल्या माणसाला ‘पाणी कोमट आहे ना?’ विचारण्यासारखं आहे ते.

दुसरं गणित मात्र करायचं राहिलंय. पाच वर्षं, वर्षाला दोन सेमिस्टर, दर वेळी तीस मुलं, म्हणजे तीनशे. त्यातली एकेचाळीस तुझ्या तक्त्यात आहेत. उरलेली २५९ मुलं त्या वर्गात बसली, भाषणं केली, गुण घेतले आणि आपापल्या कामाला लागली. त्यांना कुणी विचारलं नाही, किंवा विचारलं तरी ‘ठीक होतं’ यापलीकडे सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मत लिहायला बसतो तो भारावलेला किंवा भडकलेला. कुठल्याही शिक्षकाच्या बाबतीत हे असंच घडतं. मॅडमच्या बाबतीत दोन्ही टोकं जास्त ठळक झाली आहेत, एवढंच.

आता एक कबुली देते, कारण या व्यवहाराची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. काही वर्षं मी स्वतः असाच एक कोर्स शिकवला. सेमिस्टरच्या शेवटी मुलं अभिप्रायाचे फॉर्म भरायची. पहिल्या वर्षी एकाच वर्गातून दोन फॉर्म आले: ‘फार भरभर बोलतात’ आणि ‘झोप येईल इतकं सावकाश बोलतात’. ते दोन्ही मी हसून ठेवून दिले. पण आकडे कमी आले होते ते मनाला लागलं. मग मी काय केलं असेल? शिकवणं सुधारलं असं सांगायला आवडलं असतं. मी फक्त तारखा बदलल्या. दुसऱ्या भाषणाचे गुण फॉर्म भरायच्या आठवड्यात वाटायची, ते फॉर्म भरून झाल्यावर वाटायला लागले. पुढच्या सेमिस्टरला माझे आकडे वर गेले. शिकवणं तेच, विनोद तेच, मी तीच. तेव्हापासून कुणी मला शिक्षकाची सरासरी दाखवली की मी आधी विचारते, फॉर्म कुठल्या आठवड्यात भरले? तुझ्या त्या सोळा जणांपैकी किती जणांनी २५ पैकी ११ हातात पडले त्याच संध्याकाळी मत लिहिलं असेल, हे तक्त्यातून दिसत नाही.

पण मतं टाकून दे असं मी म्हणत नाहीये. ती वाचायची रीत बदल. मी तुझा तक्ता घेऊन बसले आणि त्यातली सगळी विशेषणं पेन्सिलीने खोडली. उर्मट, भन्नाट, कडक, प्रेमळ, बोअर, ग्रेट. मग उरली ती क्रियापदं. मॅडमच्या रकान्यात काय उरलं बघ: दार लावून घेतात, थांबवतात, बोलायला लावतात, शोधून आणायला लावतात. आता गंमत अशी की पाच देणाऱ्यांच्या आणि एक देणाऱ्यांच्या ओळी वेगळ्या ओळखूच येत नाहीत. ‘कोणीतरी मला बोलायला शिकवलं’ आणि ‘शिकवत काहीच नाहीत, नुसतं बोलायला लावतात’ ही एकाच तासाची दोन वर्णनं आहेत. त्या वर्गात काय घडतं याबद्दल सतरा आणि सोळा जणांचं पूर्ण एकमत आहे. मतभेद आहे तो ते त्यांना हवं होतं की नव्हतं यावर. म्हणजे तू ‘विश्वास कुणावर ठेवू’ म्हणून विचारतेस, तर माझं उत्तर असं की जवळजवळ सगळ्यांवर ठेव.

सरांच्या रकान्यात हीच पेन्सिल चालवली. उरलं काय? हसवतात, बघत नाहीत, सांगितलं. सगळ्या वाक्यांचा कर्ता सरच. एकोणतीस मतांमधून तू मला जी दाखवलीस, त्यांत एकाही विद्यार्थ्याने काही केल्याची खूण नाही. कुणी बोललं नाही, लिहिलं नाही, पुन्हा करून पाहिलं नाही. कदाचित केलंही असेल आणि त्याचा उल्लेख करावासा वाटला नसेल. पण संवादाच्या कोर्सबद्दल २९ जण सांगतात आणि स्वतःच्या बोलण्याबद्दल चकार शब्द निघत नाही, हे मला खटकलं.

आणि तो ९३ टक्क्यांचा आकडा. तक्तेवाली, तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची माहिती कुठली असेल तर ही, आणि ती दोन्ही रकान्यांत आपसूक येऊन बसली आहे. हा आकडा जिथे-तिथे भेटतो: शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाच्या सुराचा ३८, चेहऱ्याचा ५५. त्याचं मूळ अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांत आहे. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी ऐकणारा आवडीनिवडीचा अंदाज कशावरून बांधतो, एवढाच तो प्रश्न होता. भाषण, मुलाखत, शिकवणं, भांडण, यातल्या कशाबद्दलही तो नव्हता, आणि मेहराबियन यांनी स्वतः तसं स्पष्ट केलेलं आहे. तो आकडा सरसकट खरा असता तर तुझं पत्र मला सात टक्केच कळलं असतं. सरांनी तो पहिल्याच तासाला ठोकून दिला. मॅडमनी तो कुठून आला ते मुलांना शोधून आणायला लावलं. दोन दिवस गेले म्हणून एक जण कुरकुरतोय, पण कोर्स संपल्यावर पुढच्या माणसाला त्याने अचूक तीच गोष्ट सांगितली. ‘दोन दिवस गेले’ ही त्याने नकळत दिलेली शाबासकी आहे.

मग एकोणतीस मुलांना ४.६ चं समाधान मिळालं ते खोटं का? समाधान खरंच आहे. फक्त समाधान आणि शिकणं या दोन वस्तू वेगळ्या निघू शकतात. १९७० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं. वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा उपयोग, असा भारदस्त विषय. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, गोलगोल वाक्यं आणि पेरलेले विनोद असा ऐवज त्याला पढवला होता. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी शिकलीसवरलेली मंडळी. त्यांनी फॉर्म भरले, आणि व्याख्यान आवडल्याचं नोंदवलं. १९७३ मध्ये हा प्रयोग छापून आला आणि त्यावर वादही झाले, पण ज्याने कधी शिकवलंय तो माणूस ही गोष्ट ऐकून खजील होतोच. तुझे सर फॉक्स आहेत असं मी म्हणत नाही. हसवणारा माणूस उत्तम शिक्षक असू शकतो. ‘हसवतात’ या शब्दावरून ते कळत नाही, एवढाच मुद्दा.

उलट बाजूचा प्रयोग जास्त अलीकडचा, २०१९ चा, हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला. तोच धडा काही मुलांना सुरेख व्याख्यान देऊन शिकवला आणि काहींना गटात बसून प्रश्न सोडवायला लावून. चाचणीत प्रश्न सोडवणारी मुलं पुढे निघाली. पण ‘आज किती शिकलात?’ असं विचारलं तर त्यांनीच ‘कमी’ म्हणून सांगितलं. अडखळत शिकताना आपल्याला आपलं अडखळणं दिसतं, शिकणं दिसत नाही. व्याख्यान घरंगळत जातं आणि वाटतं, कळलं की सगळं. आता भाषण करायला शिकणं म्हणजे तर निव्वळ अडखळणंच, तेही तीस जणांच्या देखत. या विषयात ‘टेन्शन नाही’ हे कौतुक ऐकलं की मला पोहण्याचा वर्ग आठवतो जिथे कुणाचेच केस ओले झाले नाहीत.

आता तुझ्या लटपटत्या पायांकडे येऊ. पत्रात तू हा भाग शेवटी आणि घाईत उरकलास. मला वाटतं तक्ता बनवला तो यासाठीच.

आधी एक बारीक काम कर. जेम्स मॅक्रॉस्की नावाच्या प्राध्यापकांनी बोलण्याच्या भीतीची एक प्रश्नावली तयार केली आहे, संवादाच्या कोर्समध्ये ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. २४ विधानं असतात, चार प्रसंगांची प्रत्येकी सहा: छोट्या गटात बोलणं, बैठकीत बोलणं, एकाशी एक बोलणं आणि भाषण. एकूण गुण २४ ते १२० च्या दरम्यान येतात. एकूण आकड्याला फार महत्त्व देऊ नकोस, चार भाग वेगळे बघ. तू मैत्रिणींमध्ये अखंड बडबडतेस म्हणजे पहिले तीन भाग बहुधा शांत असतील आणि चौथाच उसळलेला असेल. तसं निघालं तर तुझा घोळ ‘मला बोलता येत नाही’ असा नसून ‘उभं राहून, एकटीने, ठरावीक वेळ बोलायची सवय नाही’ असा आहे. हा दुसरा घोळ बराच लहान आहे, आणि सवय हे त्यावरचं मोठं औषध आहे.

‘सगळ्यांना दिसतंय’ हे जे तुला वाटतं, त्याचं उत्तर तर मोजून ठेवलेलं आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोघांनी २००३ मध्ये दाखवलं की भाषण करणाऱ्याला आपली घालमेल जेवढी बाहेर दिसते असं वाटतं, तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. मग त्यांनी काही वक्त्यांना भाषणाआधी फक्त एवढंच सांगितलं, की बाबा, तुझ्या पोटातले गोळे बाहेर दिसत नाहीत. त्या वक्त्यांची भाषणं खरोखर चांगली झाली, ऐकणाऱ्यांनाही तसं वाटलं. तेव्हा हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते, फुकटात. तुझे पाय पुढच्या बाकावरल्याला कदाचित दिसतील. तिसऱ्या रांगेपासून मागे कुणालाही दिसत नाहीत, आणि पुढच्या बाकावरला त्याच्या पाळीच्या काळजीत असतो.

आणखी एक. भीती एकसारखी चढत जात नाही. भाषण करायचं आहे असं जाहीर होतं तेव्हा ती उसळते, तयारीला बसलं की उतरते, उभं राहायच्या आधी पुन्हा उसळते, आणि बोलायला लागल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत ओसरायला लागते. तू आत्ता या चढउताराच्या पहिल्याच टोकावर आहेस. कोर्स सुरूदेखील झालेला नाही. या अवस्थेत जी तुकडी निवडशील ती भीतीने निवडलेली असेल, म्हणून हे सांगितलं.

दार लावणं आणि वेळेला थांबवणं यावर फार शाई घालवत नाही. कुणीतरी जीव मुठीत धरून बोलत असताना दार करकरलं की त्याची साखळी तुटते. भाषणाच्या दिवशी दार बंद ठेवणं मला रास्त वाटतं, एरवीही ठेवत असतील तर जरा अतीच. साडेतीन मिनिटांवर थांबवतात म्हणजे वर तीस सेकंद देतात. मी पंधरा द्यायची.

‘अतिशय उर्मट’ या शब्दाशी मात्र थोडं थांबायला हवं. मॅडमच्या रकान्यात वागण्याबोलण्याची विशेषणं भरमसाट आहेत, सरांच्या रकान्यात एखाददुसरं. हे निव्वळ स्वभावामुळे असेलही. पण २०१५ साली छापून आलेल्या एका पाहणीत, अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन साहाय्यक शिक्षकांनी एकेका गटाला आपल्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या नावाने. पाहणी लहानच होती, ४३ विद्यार्थ्यांची. तरी निघालं असं की ज्यांना ‘पुरुष शिकवतोय’ असं वाटत होतं त्यांनी जास्त गुण दिले. तपासलेली कामं दोघांनीही सारख्याच वेळात परत दिली होती, त्या वक्तशीरपणालासुद्धा पुरुषाच्या नावाखाली जास्त गुण मिळाले. तेव्हा तुझ्या तक्त्यातल्या प्रत्येक ‘उर्मट’शेजारी एक प्रश्न लिहून ठेव: हेच सरांनी केलं असतं तर काय लिहिलं असतं? बऱ्याच ठिकाणी उत्तर येईल, ‘शिस्तीचे’.

आणि आता ते वाक्य. ‘माझ्या बोलण्याची नक्कल करून दाखवली, सगळा वर्ग हसला.’

बाकी चाळीस मतांबद्दल मी जे म्हटलं ते याला लागू नाही. इथे विशेषण नाहीच खोडायला, सरळ घडलेली गोष्ट आहे. सतरा पाचांनी ती पुसली जात नाही. मॅडमच्या बाजूने मी आत्तापर्यंत बरंच बोलले, म्हणून मुद्दाम सांगते की हे वाचून मी थबकले. या विषयात शिक्षक विद्यार्थ्याचं बोलणं त्याला परत करून दाखवतो हे खरं आहे. ‘तू प्रत्येक वाक्याचा शेवट असा गिळतोस’ असं करून दाखवल्याशिवाय ते कळतही नाही. पण त्याची एक रीत असते. एकट्याला दाखवायचं, किंवा आधी विचारून दाखवायचं, आणि वाक्याचा शेवट गिळणं, घाई, हातवारे अशा बदलता येणाऱ्या सवयीचंच दाखवायचं. कुणाच्या तोतरेपणाची, कुणाच्या बोलीची, कुणाच्या उच्चारांची वर्गासमोर नक्कल करून हशा मिळवणं हे शिकवणं नव्हे, हेतू काहीही असो. तसं एकदा जरी सहन करावं लागलं तरी माणूस वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही.

म्हणून शुक्रवारच्या आत त्या मुलाला गाठ. तक्ता भरताना मत कुणाकडून आलं ते तुला ठाऊक असेल, नाहीतर ज्याने दिलं त्याला विचार. नक्कल कशाची केली? कितव्या भाषणानंतर? आधी विचारलं होतं का? नंतर मॅडम काही बोलल्या का? मग उरलेल्यांपैकी चार-पाच जणांना, त्यातही पाच देणाऱ्यांपैकी दोघांना, एवढंच विचार की असं आणखी कुणाच्या बाबतीत पाहिलंत का. खूश असलेल्या माणसाने ‘हो, करतात कधीकधी’ म्हटलं तर ते भडकलेल्या माणसाच्या दहा ओळींपेक्षा जड आहे. दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या मुलांनी उच्चारांची किंवा बोलीची चेष्टा पाहिली असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि डोळे मिटून सरांकडे जा. सक्तीच्या कोर्सपायी जिवाचं पाणी करून घ्यायचं कारण नाही. सरांच्या वर्गात कमी शिकशील, त्याची भरपाई बाहेर करता येते. पण एकदाच, एका सवयीबद्दल, आणि पुढे मॅडमनी त्याची दखल घेतली असं निघालं, तर मी मॅडमची तुकडी घेईन.

तो ११ चे १९ झालेला मुलगा, ज्याने ३ दिले, त्याच्याशी मात्र निवांत बोल. तुझ्या तक्त्यातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार तो. खूश नाही, रागावलेला नाही, आणि आकडे लक्षात ठेवून आहे. त्याला विचार की मधल्या काळात नेमकं काय बदललं. ‘मॅडमनी पहिल्या भाषणावर पानभर लिहून दिलं होतं’ असं म्हणाला तर ती वेगळी गोष्ट, आणि ‘काही नाही, मॅडमना काय आवडतं ते कळलं’ असं म्हणाला तर ती अगदीच वेगळी.

आणि मतं जमवणाऱ्या मुलांच्या हमखास लक्षात येत नाही ते काम: ज्यांच्याबद्दल मतं आहेत त्यांनाच विचार. मॅडमना आज ईमेल कर. पाल्हाळ नको. साधारण असं: ‘नमस्कार मॅडम. पुढच्या सेमिस्टरला मी तुमची तुकडी घेण्याच्या विचारात आहे. मला वर्गासमोर उभं राहून बोलायची बरीच भीती वाटते. पहिलं भाषण कितव्या आठवड्यात असतं, आणि भाषणावरचा अभिप्राय तुम्ही वर्गासमोर देता की वेगळा, लेखी की तोंडी, हे कळलं तर मला ठरवायला सोपं जाईल. गुण कशाकशाला असतात त्याचा तक्ता आधी मिळू शकेल का?’ उत्तर आलं तर त्यातला मजकूर वाच आणि सूरही वाच. (सूर ३८ टक्के धरू नकोस.) हेच पत्र सरांनाही पाठव, नाहीतर तराजूत एकच पारडं राहील.

पहिलं भाषण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, छोटं आणि कमी गुणांचं असेल तर उत्तम. ते थेट सातव्या आठवड्यात आणि २५ गुणांचं असेल, तर भीतीला फुगायला सहा आठवडे मिळतात, हे ध्यानात घे. सेमिस्टरमध्ये किती वेळा उभं राहायचं हेही विचार. दोनदा उभं राहून काही होत नाही. पाचदा उभं राहिलं की चौथ्या वेळी हात खिशातून आपोआप बाहेर येतात.

मैत्रिणीचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण तिचं नाव काढलंस. तिला सरांकडे जाऊ दे. तू मॅडमकडे गेलीस तर दर भाषणाच्या आदल्या रात्री कुणीतरी समोर बसून, हातात घड्याळ धरून, तीन मिनिटं ऐकायला लागणार आहे. ते काम वर्गातल्या मुलींपेक्षा ती बरं करेल, तिला त्या भाषणाचे गुण नसतील ना.

— ताई